गोठा, धानाची बांधी आणि मिथेन: गटाचा पहिला रुपया कुठे घालावा?

प्रश्न : उमरेडचा दूधवाला

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो. शेती आणि गोठा उमरेड तालुक्यात आहे. आमच्या गावातील दूध उत्पादकांच्या गटाकडे काही निधी शिल्लक आहे. तो मिथेन कमी होईल अशा कामाला लावावा, असा ठराव गटातील तरुण सभासदांनी मांडला असून ज्येष्ठांचाही त्याला विरोध नाही. गटात संकरित गायी, थोड्या गावरान आणि गवळाऊ गायी, नागपुरी म्हशी आणि अजूनही काही बैलजोड्या आहेत. निम्म्याहून अधिक सभासदांच्या गोठ्यात वर्षातील बराच काळ तुरीचे व सोयाबीनचे कुटार (भुसा), तणस (धानाचा पेंढा) आणि सरकीची ढेप हाच आहार असतो. ज्यांची जमीन मौद्याच्या बाजूला आहे ते धानही घेतात.

चर्चेत दोन पर्याय पुढे आले आहेत. सामायिक गोबरगॅस संयंत्र उभारावे हा पहिला, आणि जनावरांचा आहार सुधारावा हा दुसरा. निर्णय घेण्यापूर्वी मी वाचन सुरू केले, तेव्हा परस्परविरोधी माहिती समोर आली. एका ठिकाणी शेतीतून होणारे मिथेनचे उत्सर्जन जगभर वाढत असल्याचे म्हटले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी भारतातील गायींची संख्या जवळजवळ स्थिर असल्यामुळे येथे काळजीचे कारण नाही, असे म्हटले आहे. त्यामुळे माझे प्रश्न असे : शेती व अन्न उत्पादनातील मिथेनचा कल नेमका कोणत्या दिशेने आहे? त्यात आपल्यासारख्या लहान गोठ्यांचा वाटा किती? आणि मिथेन खरोखर कमी करायचा असेल, तर गटाने पहिला रुपया कुठे घालावा?

प्रतिसाद १ : पशुआहार, नागपूर

आपल्या तीनही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आधी कलाविषयी लिहितो.

औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७२० भाग होते. आज ते प्रमाण १,९०० च्या पुढे गेले आहे. ही वाढ सरळ रेषेत झालेली नाही. १९९९ ते २००६ या काळात मिथेनची पातळी जवळपास स्थिरावली होती. २००७ पासून ती पुन्हा चढू लागली आणि २०२० ते २०२२ या वर्षांत वाढीचा वेग विक्रमी होता. २००७ नंतरच्या मिथेनमध्ये जड कार्बनचे प्रमाण घटत गेलेले दिसते. कोळसा आणि नैसर्गिक वायूतून येणाऱ्या मिथेनपेक्षा पाणथळ जागा, जनावरे, धानशेती आणि कचरा यांतून, म्हणजे सूक्ष्मजीवांकडून तयार होणाऱ्या मिथेनमध्ये हलका कार्बन अधिक असतो. त्यामुळे अलीकडच्या वाढीत जैविक स्रोतांचा हात मोठा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातील काही भाग उष्ण कटिबंधातील पाणथळ प्रदेशांचा आहे. सगळा भार जनावरांवर टाकणे योग्य नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये केलेल्या मूल्यांकनानुसार मानवी कृतींमुळे होणाऱ्या मिथेन उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे ४० टक्के, कोळसा, तेल व वायूचा ३५ टक्के आणि कचरा व सांडपाण्याचा २० टक्के आहे. शेतीच्या ४० टक्क्यांपैकी सुमारे ३२ टक्के जनावरांचे आणि ८ टक्के धानाचे. भारतात हे चित्र शेतीकडे आणखी झुकते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१६ मध्ये देशाच्या मिथेन उत्सर्जनातील सुमारे ७४ टक्के शेतीतून आणि साडेचौदा टक्के कचऱ्यातून आले.

आता जनावरांची संख्या पाहू. १९९२ च्या पशुगणनेत देशात २० कोटींहून थोडे अधिक गोवंश होते, २०१९ मध्ये ते सुमारे १९ कोटी भरले. म्हशी मात्र याच काळात साडेआठ कोटींच्या आसपासवरून ११ कोटींवर गेल्या. म्हणजे «गायी स्थिर आहेत» हे खरे असले तरी म्हशींचा हिशेब त्यातून सुटतो. गोवंशाच्या आतही मोठी उलथापालथ झाली आहे. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत बैल व इतर नर जनावरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली, माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या आणि संकरित व विदेशी जनावरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. संकरित गाय वजनाने मोठी असते, अधिक खाते आणि म्हणून एकटीने अधिक मिथेन सोडते. त्यामुळे डोकी स्थिर दिसली तरी उत्सर्जन तितकेच स्थिर राहील असे नाही.

दुसऱ्या बाजूने दूध पाहा. १९५०-५१ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख टन होते; २०२३-२४ मध्ये ते २३ कोटी ९० लाख टनांच्या पुढे गेले. दूध सुमारे १४ पट झाले आणि गायी-म्हशींची एकत्रित संख्या साधारण दीडपट. दर लिटरमागे मिथेन खूप उतरले, एकूण मिथेन मात्र उतरले नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि आपण वाचलेल्या माहितीत विरोध दिसतो तो बहुधा यामुळेच.

मिथेन तयार होते जनावराच्या कोठीपोटात. तेथे सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू फोडतात, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि मिथेनकारक सूक्ष्मजीव तो वापरून मिथेन बनवतात. हा वायू जवळजवळ सगळा तोंडावाटे ढेकरांतून बाहेर पडतो. चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. चारा जितका निकृष्ट, तितके दर लिटर दुधामागे मिथेन अधिक. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गाईसाठी वर्षाला ५८ किलो मिथेन आणि ९०० किलो दूध असे सरासरी आकडे धरले आहेत. उत्तर अमेरिकेतील गाईसाठी १२८ किलो मिथेन आणि ८,४०० किलो दूध. म्हणजे आपली गाय निम्म्याहून कमी मिथेन सोडते, पण किलोभर दुधामागे आपल्याकडे सुमारे ६४ ग्रॅम पडते आणि तिकडे १५ ग्रॅम. आकडे जुने आहेत, सरासरीचे आहेत आणि आपल्या गटातील संकरित गाय ९०० किलोंपेक्षा बरेच अधिक दूध देत असेल. तरी दिशा स्पष्ट होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पहिला रुपया आहारात घालावा. गोबरगॅसला माझा विरोध नाही, पण तो मिथेन कमी करण्याच्या हेतूने घेण्याआधी एक हिशेब पाहावा. त्याच मार्गदर्शिकेनुसार आपल्याकडे एका दुभत्या गाईच्या शेणातून वर्षाला जेमतेम ५ ते ६ किलो मिथेन निघते, कारण आपले शेण उघड्यावर वाळते, गवऱ्या थापल्या जातात किंवा ते खताच्या ढिगात पडते आणि त्याला हवा मिळते. अमेरिकेत व युरोपात शेण-मूत्र पाण्यासह मोठ्या तळ्यांत साठवतात. तेथे हवा नसल्यामुळे मिथेन प्रचंड बनते आणि म्हणून त्या देशांत संयंत्राचा थेट फायदा मोठा असतो. आपल्याकडे एका जनावराचे दिवसाचे १० किलो शेण संयंत्रात टाकले तर सुमारे ०.४ घनमीटर वायू मिळतो आणि त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असते. वर्षाचा हिशेब ५५ किलोंच्या आसपास जातो. म्हणजे ढिगात पाच किलो झाले असते, तेथे आपण जाणीवपूर्वक पंचावन्न किलो तयार करतो आणि ते जाळण्याची जबाबदारी घेतो. यातील दहावा हिस्सा जरी तडा गेलेल्या घुमटातून, सैल जोडातून किंवा उघड्या निकास टाकीतून निसटला, तरी मिथेनपुरता फायदा संपला. संयंत्राचा खरा लाभ सिलिंडर आणि सरपण वाचण्यात व स्लरीच्या खतात आहे. तो लाभ लहान नाही, पण त्याला त्याच नावाने ओळखावे.

प्रतिसाद २ : धानकरी, मौदा

वरील प्रतिसादात धानाचा उल्लेख ओझरता आला आहे. आपल्या काही सभासदांचे धान आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी उभे राहिले की मातीतील हवा संपते आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थापासून मिथेन बनू लागते. धानाच्या झाडाच्या पोकळ देठांतून ते वर येते. त्यामुळे मिथेन किती निघेल हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात : पाणी किती काळ सलग उभे राहते, आणि रोवणीपूर्वी मातीत काय गाडले.

पहिली गोष्ट पाण्याची. सतत पाण्याखाली असलेल्या बांधीचे उत्सर्जन १ मानले, तर हंगामात अनेकदा सुकवलेल्या बांधीचे ते सुमारे निम्मे आणि केवळ पावसावर अवलंबून असलेल्या बांधीचे ०.२८ असे वर उल्लेखलेल्या २००६ च्या मार्गदर्शिकेत धरले आहे. पूर्व विदर्भातील, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि आमच्या मौदा-रामटेक भागातील खरिपाचे पुष्कळसे धान पावसाच्या खंडांमुळे आपोआप सुकते-भिजते. त्याला सतत पाण्याखालच्या शेतीच्या मापाने मोजणे चुकीचे ठरेल. कालव्याच्या किंवा मोटारीच्या पाण्यावरचे उन्हाळी धान मात्र निराळे आहे. तेथे पाणी आपल्या हातात असते आणि सवयीने आपण ते कायम उभे ठेवतो. सुधारणेला वाव आहे तो तेथे.

पाणी आलटून-पालटून देण्याची पद्धत अशी : बांधीत छिद्रे पाडलेला पाइपचा तुकडा गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाण्याची पातळी जमिनीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरली की पुन्हा पाणी द्यायचे. रोवणीनंतरचे पहिले दिवस आणि फुलोऱ्याचा काळ सोडून हे करता येते व उत्पादन घटत नाही. माझ्या शेजारच्या बांधीत असा पाइप आहे. वरून माती भेगाळलेली दिसत असताना पाइपमध्ये वीतभर खाली पाणी चमकत असते, आणि ते स्वतः पाहिल्याशिवाय शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. गटाने पैसा नव्हे, तर एक बांधी यासाठी द्यावी आणि सर्वांना तेथे उभे करावे.

अडचणही सांगितली पाहिजे. आमच्याकडे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. वरच्याने सुकवायचे आणि खालच्याला पाणी हवे, असे झाले की पद्धत कोलमडते. कालव्याची पाळी कधी येईल याची खात्री नसेल, तर मिळालेले पाणी अडवून ठेवण्यावाचून शेतकऱ्याला दुसरा मार्ग नसतो. त्यामुळे हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. एका पाटचारीवरच्या सर्वांनी मिळून ठरवावे लागते. शिवाय माती सुकवताना युरिया अति झाला तर नायट्रस ऑक्साइड वाढतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट प्रभावी आहे. म्हणून पाणी आणि युरिया यांचे नियोजन एकत्रच करावे.

दुसरी गोष्ट खताची, आणि ती आपल्या गटाला अधिक लागू पडते. कच्चे तणस रोवणीच्या तोंडावर चिखलात गाडले तर मिथेनला भरपूर खाद्य मिळते. तेच तणस महिनाभराहून आधी गाडले तर त्याचा परिणाम एक-तृतीयांशाहूनही कमी राहतो आणि पूर्ण कुजवून कंपोस्ट करून टाकले तर जवळजवळ नगण्य होतो. गोठ्यातील शेणखतही नीट कुजलेलेच बांधीत घालावे. यासाठी कोणताही निधी लागत नाही. उन्हाळ्यातच खताचा ढीग चाळून-पालटून ठेवण्याची शिस्त लागते.

आवत्याचे, म्हणजे रोवणी न करता थेट पेरलेले, धान आमच्याकडे पूर्वापार आहे. चिखलणी आणि रोवणी टाळल्यामुळे पाणी उभे राहण्याचा काळ कमी होतो, पण तण वाढते आणि निंदणीचा खर्च अंगावर येतो. केवळ मिथेनसाठी कोणी आवत्याकडे वळावे, असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद ३ : शेतकरी अभ्यास गट, वर्धा रोड

आकडे उत्तम मांडले गेले आहेत; तथापि लिटरमागचे मिथेन हे एकच माप धरले की आपल्या शेतकऱ्यावर अन्याय होतो, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आपली गाय केवळ दूध देत नाही. तिचा गोऱ्हा बैल होऊन वखर ओढतो, शेण शेताला जाते, चुलीला जाते आणि अडचणीच्या वर्षी विकलेले जनावर घराचा आधार होते. तिचे सगळे मिथेन दुधाच्याच खात्यावर टाकले तर दर लिटरचा आकडा फुगणारच. तिचे खाद्यही माणसाच्या ताटातून काढलेले नसते. तुरीचे कुटार, गव्हांडा आणि तणस माणूस खात नाही. सोयाबीन आणि मका पिकवून, त्यासाठी कधी जंगल तोडून, जनावरांना चारणाऱ्या देशांशी ही तुलना सरळ होत नाही.

इतिहासही विसरू नये. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतातील धानशेतीचे मिथेन उत्सर्जन वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन असल्याचे अनुमान काढले होते. त्यानंतर १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील धानाच्या शेतांत प्रत्यक्ष मोजमाप झाले आणि आकडा ४० लाख टनांच्या आसपास आला. जवळजवळ नऊ-दहा पटींचा हा फरक होता. त्याच वर्षी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत भेद केला पाहिजे, अशी मांडणी केली. ती मला आजही ग्राह्य वाटते. २०२१ मध्ये ग्लासगो येथे मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करण्याचा जागतिक संकल्प जाहीर झाला. दीडशेहून अधिक देश त्यात आहेत, भारत नाही. शेतीतील मिथेन कोट्यवधी लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेशी बांधलेले आहे, ही भारताची भूमिका मला मान्य आहे. डेन्मार्कने जनावरांच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचे ठरवले आहे. तेथील शेतकऱ्याचा गोठा, भांडवल आणि विमा पाहता ते शक्य असेल. चार जनावरे बाळगणाऱ्या उमरेडच्या शेतकऱ्यावर असा कर म्हणजे गोठा मोडणे होय.

तरीही आपल्या गटाने स्वतःहून विषय हाती घेतला याचे मला मनापासून कौतुक वाटते. आहार सुधारल्याने दूध वाढणार असेल, तर ते कोणी न सांगताही करावे. मिथेन घटवल्याचे श्रेय (कार्बन क्रेडिट) विकून पैसे मिळवून देतो, असे सांगत कोणी गटाकडे आले तर मात्र करार मराठीत, पूर्ण वाचून आणि मोजमाप कोण करणार हे लिहून घेतल्यावरच करावा.

उमरेडचा दूधवाला

सर्वांचे आभार. धानकरी भाऊंनी सांगितलेली कंपोस्टची बाब आमच्या बैठकीत कोणाच्याही लक्षात आली नव्हती. एक शंका उरते. आमच्यातील एक ज्येष्ठ सभासद म्हणतात की गाय गवत खाते, गवताने हवेतूनच कार्बन घेतलेला असतो, आणि मिथेनही शेवटी त्याच हवेत विरते. मग गाईने नवे काय मिसळले? यावर आम्हाला नीट उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद ४ : वायू विज्ञान, सिव्हिल लाइन्स

आपल्या ज्येष्ठांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. गाईच्या मिथेनमधील कार्बन खरोखरच गवतातून आलेला असतो. कोळशाच्या खाणीतून सुटणाऱ्या मिथेनप्रमाणे तो लाखो वर्षे जमिनीत बंद असलेला नसतो. म्हणूनच शंभर वर्षांच्या मापाने जैविक मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आणि खनिज मिथेन सुमारे ३० पट धरले जाते. दोहोंत फरक एवढाच, कारण प्रश्न कार्बन कोठून आला यापेक्षा तो कोणत्या रूपात हवेत आहे हा आहे. गवताने कार्बन डायऑक्साइड घेतला आणि गाईने त्यातील काही भाग मिथेनच्या रूपात परत केला. तो पुन्हा कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत सरासरी सुमारे १२ वर्षे जातात आणि त्या काळात तो कितीतरी अधिक उष्णता अडवून धरतो. वीस वर्षांच्या मापाने हा परिणाम ८० पटींच्या घरात जातो.

यातून एक गोष्ट निघते. एखाद्या गावातील गोठे पिढ्यान्‌पिढ्या तेवढेच राहिले, तर जितके मिथेन दरवर्षी सुटते साधारण तितकेच विरते आणि त्या गोठ्यांमुळे हवेतील मिथेनची पातळी वाढत नाही. आधीच झालेली तापमानवाढ मात्र टिकून राहते. गोठे वाढले तर पातळी चढते, आणि उत्सर्जन घटले तर दहा-वीस वर्षांत उतार दिसू लागतो. कार्बन डायऑक्साइडचे असे नाही. तो शतकानुशतके साचत जातो. मिथेन कमी केल्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसू शकतो, आणि मला या विषयाची तळमळ वाटते ती त्यामुळेच. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना आणखी काही सांगण्याची गरज नाही.

अन्न उत्पादनाचा विचार गोठ्यावर आणि बांधीवर थांबत नाही, हेही जोडतो. कळमना बाजारात सडून फेकलेली भाजी, मंगल कार्यालयांतले उरलेले अन्न आणि घराघरांतला ओला कचरा जेव्हा कचराभूमीत इतर कचऱ्याखाली दाबला जातो, तेव्हा त्यालाही हवा मिळत नाही आणि तेथेही मिथेनच बनते. कचऱ्याच्या ढिगांना उन्हाळ्यात लागणाऱ्या आगींना हा वायू खतपाणी घालतो. शेतात मिथेन खर्चून पिकवलेले अन्न कचराभूमीत पुन्हा मिथेन होते. ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे खत करणे किंवा बंदिस्त संयंत्रात वायू काढणे हे काम भांडेवाडीच्या (नागपूरच्या कचराभूमीच्या) पलीकडे प्रत्येक वस्तीत व्हायला हवे. सामायिक गोबरगॅस संयंत्राचा खरा उपयोग कदाचित तेथे अधिक आहे, कारण दाबलेल्या कचऱ्यातून मिथेन एरवीही निघणारच असते.

प्रतिसाद ५ : पशुआहार, नागपूर

वर्धा रोडच्या मित्रांनी काढलेला बैलाचा आणि शेणाचा मुद्दा मला मान्य आहे. लिटरमागचे माप मी दोन देशांची प्रतवारी लावण्यासाठी वापरलेले नाही. गटाने ते स्वतःच्याच गोठ्याशी, गेल्या वर्षीचे यंदाशी ताडून पाहण्यासाठी वापरावे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते लिहितो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राबवलेल्या संतुलित आहार कार्यक्रमात उपलब्ध चारा, ढेप व खनिज मिश्रण यांचे प्रमाण प्रत्येक जनावराच्या दुधाप्रमाणे ठरवले जाते. त्यातून दर किलो दुधामागे मिथेन सुमारे १२ ते १५ टक्क्यांनी घटते, असा मंडळाचा अनुभव आहे, आणि खर्चही वाढण्याऐवजी बहुधा उतरतो. आपल्याकडे बहुतेक गोठ्यांत ढेप अधिक आणि खनिज मिश्रण नाही, अशी स्थिती असते. ढेपीतून प्रथिने जातात, पण ऊर्जा आणि खनिजे कमी पडतात. जनावर वेळेवर माजावर येत नाही आणि भाकड काळ लांबतो. भाकड जनावरही रोज खाते आणि रोज मिथेन सोडते. म्हणून दोन वेतांतील अंतर कमी करणे आणि कालवडीचे पहिले वेत लवकर येणे, यांतून जितके मिथेन वाचते तितके पूरक खाद्याच्या कोणत्याही महागड्या पुडीतून वाचत नाही. लाळ्या-खुरकुताचे लसीकरण आणि जंतनिर्मूलन याच खात्यात मोडतात. मादी वासरे अधिक मिळवण्यासाठी लिंगनिर्धारित वीर्यमात्रा आता उपलब्ध आहेत. ट्रॅक्टरमुळे गोऱ्ह्यांची गरज घटली आहे आणि २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे नको असलेले नर शेतकऱ्याच्याच दावणीला राहतात, हे लक्षात घेता गटाने या वीर्यमात्रांचा विचार जरूर करावा.

चाऱ्याबाबत : तणसावर युरियाची प्रक्रिया ही जुनी पण दुर्लक्षित गोष्ट आहे. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा आणि ढीग प्लॅस्टिकने २१ दिवस हवाबंद ठेवायचा. उघडल्यावर तणस पिवळे-तपकिरी आणि मऊ झालेले असते व अमोनियाचा उग्र वास येतो. तो वास उडेपर्यंत थोडा वेळ पसरून ठेवावे आणि मग थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांखालील वासरांना ते देऊ नये, आणि विरघळलेल्या युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी. त्याने विषबाधा होते. कडबा कुट्टी यंत्र आणि पावसाळ्यातील मक्याचा मुरघास यांवर गटाने सामायिक खर्च केला, तर उन्हाळ्यात केवळ कुटारावर राहण्याची वेळ येणार नाही.

पुड्यांबाबतही विचारणा होईल, म्हणून लिहितो. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून «हरित धारा» हे पूरक खाद्य तयार केले असून त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटते, असे संस्थेने जाहीर केले आहे. परदेशांत दुभत्या गाईंसाठी वापरल्या जाणाऱ्या एका रासायनिक पूरकाने सुमारे ३० टक्के घट मिळते, पण ते रोजच्या मिश्र आहारात एकसारखे मिसळावे लागते. दिवसभर चराईला जाणाऱ्या गावरान गाईला ते कसे द्यायचे, हा प्रश्न सुटलेला नाही. आहाराचा पाया नीट बसल्यावर «हरित धारा»चा प्रयोग काही जनावरांवर करून पाहण्यास हरकत नाही.

निधी मर्यादित असेल तर माझा क्रम असा राहील : प्रथम प्रत्येक जनावराची नोंदवही, म्हणजे वजन, दूध, वेताची तारीख आणि चारा, त्यासाठी छातीचा घेर मोजणारी फीत आणि स्प्रिंग काटा पुरतो. मग खनिज मिश्रण. त्यानंतर कुट्टी यंत्र आणि मुरघास. गोबरगॅस सर्वांत शेवटी, आणि तोही घरोघरी लहान आकाराचा. कारण सामायिक संयंत्रात शेण कोणी किती आणायचे आणि वायू कोणाच्या चुलीला किती, यावर काही महिन्यांत वाद उभे राहतात आणि बंद पडू लागलेल्या संयंत्राची गळती पाहायला कोणी उरत नाही. संयंत्र घेतलेच, तर प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून महिन्यातून एकदा बुडबुडे तपासावेत, आणि वायू शिल्लक राहिला तर झडप उघडून सोडून न देता शेगडीवर जाळून टाकावा.

उमरेडचा दूधवाला

हा क्रम मी गटासमोर जसाच्या तसा ठेवतो. नोंदवही या महिन्यापासून सुरू करता येईल. छातीच्या घेरावरून म्हशीचे वजन काढण्याचे सूत्र गाईपेक्षा वेगळे आहे का, तेवढे कृपया कळवावे.

प्रतिसाद ६ : पशुआहार, नागपूर

सूत्र दोहोंसाठी साधारण एकच वापरले तरी चालते : छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतच्या इंचांतील लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, उत्तर किलोत येते. म्हशीत ते थोडे मागे-पुढे होते. तरी आपल्याला एकाच जनावरातील महिन्या-महिन्याचा फरक पाहायचा असल्यामुळे मोजमाप दरवेळी सकाळी, चारा-पाणी देण्यापूर्वी आणि शक्यतो एकाच माणसाने घ्यावे.